ब्रेडला चटावलेले मासे

"आत्या, बघ ना! घरी दात घासायला रडणारा हा चष्मिष इथे टूथब्रश खाली ठेवत नाहीये!" ताई ओरडली.

चष्मिषने पाण्यातून डोकं वर काढलं आणि तोंडातली श्वासाची नळी काढली. "घरी दात अठ्ठावीस. इथे दोनशे रोपं आहेत! बोलू नकोस, घास!"

तिघं भावंडं सुट्टीत समुद्रकाठी राहणाऱ्या आत्याकडे आली होती. कमरेएवढ्या पाण्यात लोखंडी चौकटी आणि त्यांवर बांधलेली प्रवाळाची बोटभर रोपं, ही आत्याची रोपवाटिका! तुटलेल्या प्रवाळाचे जिवंत तुकडे इथे वाढवायचे, मोठे झाले की खडकावर नेऊन लावायचे. दोन वर्षं आत्या आणि गावातले मच्छीमार यासाठी राबत होते. पण गेला महिनाभर रोपांवर शेवाळ नुसतं माजलं होतं, त्याखाली रोपं गुदमरत होती. आज घासावं, तर परवा पुन्हा हिरवंगार!

"रविवारी मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष येणार आहेत," आत्या म्हणाली. "रोपं मेलेली दिसली, तर इथली मासेमारीची बंदी उठेल. मग संपलंच सगळं."

होडीत बसलेली धाकटी पिटुकली काचेच्या तळाची बादली पाण्यात टेकवून खाली बघत होती. तिला पोहता येत नव्हतं, म्हणून हे काम तिचं.

"आत्या, शेवाळ खाणारे निळे मासे कुठे गेले गं? आत्ता तर होते!"

"मासे काय, फिरतात," ताई म्हणाली.

पण पिटुकली हट्टाला पेटली. दुसऱ्या दिवशी ती बादलीला चिकटूनच बसली. बरोबर दहा वाजता लांबून आवाज आला. टण टण टण! सगळे मासे एकदम वळले आणि खडकापलीकडे पसार!

"ताई! मासे शाळेत गेले! घंटा झाली!"

आता मात्र ताईने ते उडवून लावलं नाही. आत्याला सांगून, लाइफ जॅकेट चढवून तिघांनी होडी वल्हवली. खडकापलीकडे होडीवाले काका प्रवाशांना काचेच्या तळातून समुद्र दाखवत होते. एका हाताने चमच्याने डबा बडवायचा, दुसऱ्या हाताने ब्रेडचे तुकडे फेकायचे! खाली माशांची ही झुंबड!

"काका, ब्रेड नका ना टाकू!" ताई म्हणाली. "तिकडे रोपं मरतायत!"

"अगं, मुक्या जिवांना दोन घास घालतोय, त्यात काय बिघडलं? आणि मासे दिसले नाहीत, तर माझ्या होडीत कोण बसेल? चला, पळा!"

परतताना चष्मिष तोंड फुगवून बसला होता. "ब्रेडने पोट भरल्यावर शेवाळ कोण खाणार? चिप्स मिळाल्यावर पिटुकली भाजी खाते का?"

"मुळीच नाही!" पिटुकली अभिमानाने म्हणाली. मग तिचे डोळे चमकले. "पण डबा आपल्याकडेपण आहे की!"

दुसऱ्या दिवशी पावणेदहालाच आत्याचं सगळ्यात मोठं पातेलं रोपवाटिकेवर दणदणायला लागलं. मासे आले. इकडे शोधलं, तिकडे शोधलं, ब्रेडचा पत्ता नाही! शेवटी बिचाऱ्यांनी नाइलाजाने शेवाळाला तोंड लावलं. खडकापलीकडे काकांचा डबा वाजला, की तिघं पाळीपाळीने पातेलं आणखी जोरात बडवायची. चार दिवसांत चष्मिषच्या हाताला फोड आले, पण रोपं पुन्हा गुलाबी दिसू लागली!

रविवार उजाडला. अध्यक्ष आजोबा होडीत बसून बादलीत डोकावतात न डोकावतात, तोच काकांची होडी प्रवाशांसकट तरातरा आली.

"माझे मासे कोणी पळवले?" काका गरजले.

"तुमचे कसे? समुद्राचे!" पिटुकली म्हणाली. "आणि ते कामावर आहेत. बघा!"

तिने बादली पुढे केली. काकांनी पाहिलं. निळे मासे एकेका रोपाभोवती फिरून शेवाळ खुडत होते. तेवढ्यात काकांच्याच होडीतल्या एक बाई काचेवर वाकून ओरडल्या, "अहो, मासे झाडलोट करतायत! ब्रेडपेक्षा हेच किती छान आहे!"

काका डोकं खाजवत राहिले. "मी भलं करायला गेलो, आणि... चुकलं माझं, पोरांनो! आजपासून ब्रेड बंद. रोज लांबूनच हे दाखवतो. चालेल?"

"पळेल!" तिघं एकदम म्हणाली.

अध्यक्ष आजोबांनी बादलीतून एकेक रोप निरखून पाहिलं. तोवर आत्याने त्यांना सगळी हकिकत सांगितली.

"बंदी राहील," शेवटी ते म्हणाले. "आम्ही मोठी माणसं महिनाभर शेवाळच बघत बसलो. मासे कुठे गेले, हे या चिमुरडीने विचारलं. शाबास गं बाळ!"

आत्याने तिघांना एकदम कवेत घेतलं. ती रडत होती की हसत होती, कुणास ठाऊक!

"आणि उद्या सकाळी मलाही एक टूथब्रश ठेवा," अध्यक्ष आजोबांनी आपलं बोळकं पसरलं. "दहा वर्षांत हातात धरला नाहीये!"