झिलेतली चौथी

केशवराव तळेगावहून भाज्याला आले ते रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. रविवार म्हणजे धबधब्याला निघालेल्या गाड्यांनी रस्ता गच्च; मळवली स्टेशनापासून बिचारे पायीच आले. घाम पुसायच्या आधी त्यांनी अभ्रा उघडला, लेकीने पहिलं मूल दाखवावं तसा.

"बाजीराव, फर्स्ट प्रेस! तुमच्याकडे आहे ती नंतरची छपाई. ही मूळची. वहिनी अशा ऐकू येतील, की शेजारी बसून गातायत."

बाजीराव नुसतं हसले. रेल्वेतून रिटायर झालेला हा माणूस हल्ली हसायचाही कंटाळा करी. सहा वर्षांमागे त्यांच्या बायकोचा, सरूबाईंचा, आवाज गेला. सर्दी नाही, ताप नाही, सकाळी उठल्या त्या मुक्या. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, म्हणाले घसा ठणठणीत आहे. त्याच पावसाळ्यात पुण्याच्या जुन्या बाजारात बाजीरावांना त्यांच्याकडची रेकॉर्ड सापडली. गावच्या भीमगीत पार्टीची एकुलती एक. बुवा पुढे गायचे आणि मागे बायका झील धरायच्या, म्हणजे ओळीचं शेपूट उचलून पुन्हा म्हणायच्या. झिलेत चौघी. चौथी जरा मागाहून येते, ती सरूबाई. तेव्हापासून रोज चहाच्या वेळी रेकॉर्ड लागायची, आणि सरूबाई मोरीत भांडी घासत पाठमोऱ्या ऐकायच्या.

केशवरावांनी सुई टेकवली. आवाज खरंच झकास होता. ढोलकीवर घासलेलं बोटसुद्धा कळत होतं. बुवांनी ओळ टाकली, झील उठली.

बाजीरावांनी मान वर केली. "परत लावा."

परत लावली. एक, दोन, तीन. चौथी नाही.

"तुमची छपाई फुसकी हाय," बाजीराव म्हणाले. "आमचं माणूस गाळलं की!"

"अहो, उलटं असतं." हा विषय निघाला की केशवरावांमधला मास्तर जागा व्हायचा. "छापता छापता साचा झिजतो. पुढच्या छपाईत आवाज बारीक होईल, कमी होईल, वाढायचा नाही. मूळ टेप एकच. पहिल्या छपाईत नाही ती बाई नंतरच्या छपाईत येईल कुठून?"

"कुटून म्हंजे? पार्टीत व्हती ती!"

सरूबाई चहा घेऊन आल्या, तसं बाजीरावांनी विचारलं, "रेकॉर्डिंगला मुंबईला गेलतीस ना गं?"

त्यांनी कप ठेवले आणि नकारार्थी मान हलवली. मग हातांचा पाळणा करून तान्हं झुलवलं आणि औंढ्याच्या बाजूला बोट केलं. माहेरी. लेकाचं, गौरवच्या वेळचं बाळंतपण.

"आयला, व्हय की," बाजीराव कपाळाला हात लावून म्हणाले. "म्या तवा घाटात ड्युटीला."

चहावर साय धरली. कप कुणी उचलला नाही.

केशवरावांनी बाजीरावांची रेकॉर्ड खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरली. खाचा राखेसारख्या पांढुरक्या पडल्या होत्या.

"किती वाजवलीत हो ही?"

"रोज. कवा कवा दोनदा."

"सुई दर वेळी थोडं खरवडते, बाजीराव."

लावून पाहिली. चौथी होती. सरूबाईच, शंकाच नको. पण पहिल्या कडव्यात दोऱ्याएवढी, दुसऱ्यात केसाएवढी, आणि शेवटच्या कडव्यात नव्हतीच.

बाजीरावांनी सुई उचलली आणि रेकॉर्ड काढून छातीशी धरली. इतकी वर्षं ऐकलं म्हणत होतो, ते खरवडलं होतं.

"बास. आता न्हाई लावायची. ऱ्हायलीय तेवढी तरी ऱ्हाऊ द्या."

सरूबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. चिडल्या नव्हत्या. दमलेली आई पोराच्या हातातला विळा काढून घेते, तशी घेतली. प्लेअरवर ठेवली. सुई पहिल्या कडव्यावर टेकवली.

"सरू, संपून जाईल गं ती!"

गाणं संपलं. त्यांनी सुई पुन्हा मागे आणली. संपलं. पुन्हा मागे. चौथी दर वेळी बारीक होत गेली. बाजीरावांनी सुईकडे हात नेला, तो सरूबाईंनी बाजूला सारला.

मग चौथी थांबली.

पुढच्या खेपेला तिघीही थांबल्या. बुवा एकटेच ओळ टाकत राहिले. मागे कुणी नाही.

सरूबाईंनी घसा खाकरला.

"च्या गार झाला," त्या म्हणाल्या.

तोच आवाज. बाजीराव लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले. त्या रडण्यात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. "बोल, सरू. आनखी बोल."

"काय बोलू?" सरूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "रोज उठून तेच तेच गायला लावलंत. लय दमले मी."

केशवरावांनी बाजीरावांकडे पाहिलं. बाजीरावांनी जमिनीकडे.

घटकाभराने केशवराव उठले. आणलेली रेकॉर्ड अभ्र्यात घातली, चपला पायांत सरकवल्या. नवराबायको सोडायला दारापर्यंत आले.

"भावजी, सावकाश जावा," सरूबाई म्हणाल्या.

"सावकाश जावा," एक बाई म्हणाली.

"सावकाश जावा," दुसरी.

तिसरीही म्हणाली. केशवरावांनी वळून अंगणात पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

बाजीराव शेजारीच उभे होते. सरूबाईंचे ओठ मिटलेले होते आणि गळा हलत होता.