कोरी कळशी

मोबाईलवर भांडी विकत घेताना भांड्याच्या पोटात काय दिसतं ते तुम्ही बघत नाही. बघू नकाच. घासलेल्या पितळेचा फोटो काढणं म्हणजे नुसता ताप. त्या गोल पोटात अख्खी खोली उतरते. खिडकी, पंखा, दोरीवरचे कपडे, फोटो काढणारी बाई, सगळं. म्हणून निरुपमा कारेलीबागेतल्या आपल्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत पांढऱ्या चादरींचा तंबू ठोकायची, भांडं आत ठेवायची आणि चादरीच्या भोकातून कॅमेऱ्याचं नाक तेवढं आत खुपसायची. चादर हलू नये म्हणून पंखा बंद. बडोद्याच्या उन्हाळ्यात असला उद्योग करायला डोकं जरा सरकलेलंच लागतं, असं तिचा नवरा कुणाल म्हणायचा.

असल्याच एका दुपारी जगदेवराव तरसालीहून रिक्षाने जुनी भांडी घेऊन आले. घर आवरून ते मुलाकडे राहायला चालले होते. फोटो काढून भांडी ऑनलाइन विकायचं सगळं काम त्यांनी निरुपमाकडे दिलं होतं. पिशवीच्या तळातून त्यांनी शेवटी एक छोटी कळशी काढली, लहान मुलीच्या कमरेवर बसेल एवढीच. गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, आनंदी.

"माझी आत्या," ते म्हणाले. "आईबरोबर पाण्याला जायचा हट्ट करायची, म्हणून आजोबांनी तिच्यापुरती करवून घेतली. मग एक दिवस एकटीच गेली विहिरीवर…"

निरुपमाने कळशी उचलून बाकीच्या भांड्यांपासून वेगळी ठेवली.

"फोटोत नाव दिसू द्या हां, बेन. नावासकट ज्याला पाहिजे तोच घेईल. नाव आहे तोवर पोर कळशीला धरून आहे, असं आजी म्हणायची. आम्ही कधी पाणी नाही भरलं हिच्यात. चालशे ने?"

"चालेल की, काका. काळजी करू नका."

ते गेल्यावर तिने पडदे ओढले, दिवे लावले, पंखा बंद केला. पंख्याची घरघर थांबली की घर एकदम मोठं वाटायला लागतं. तिची पाच वर्षांची अवनी शेजारच्या मोहनाकडे गेली होती, त्यामुळे कसलीच कटकट नव्हती. तिने भोकाला डोळा लावला. कुठूनसा शेवाळाचा वास आला, ओल्या दगडासारखा. कळशीच्या पोटात, तिच्या खांद्यामागे, काहीतरी बुटकं हललं.

"अवनी, आलीस होय? मागे उभी राहू नकोस गं," ती न वळताच म्हणाली.

ते जरा बाजूला सरकलं. निरुपमाने फोटो काढले.

कॉम्प्युटरवर बघते तर प्रत्येक फोटोत पोरीची सावली उतरलेली. तिने कपाळावर हात मारला आणि कामाला लागली. आजूबाजूचं स्वच्छ पितळ उचलायचं आणि डागावर थापायचं, यात तिचा हात बसलेला होता. सावली गेली. मग नजर नावावर गेली. जाहिरातीतला पहिला फोटो कसा लख्ख हवा. लोकांना छोट्या चित्रात ते ठिपके म्हणजे चरा वाटतो आणि बोट पुढे सरकतं. फोटोतूनच तर काढतेय, कळशीवरचं कुठे जातंय, असं म्हणून तिने नावही पुसलं. काकांना काय कळणार होतं?

संध्याकाळी मोहना अवनीला सोडायला आली. "अगं, दुपारभर नुसती झोपली होती. मध्ये एकदा कूससुद्धा बदलली नाही," ती म्हणाली.

मग दुपारी मागे कोण उभं होतं? पण फोटो तोवर चढवलेला होता.

कळशी विकली गेली, सावली गावच्या कुणा बाईंनी घेतली. खोक्यात भरताना निरुपमाने मुद्दाम गळ्यावरून बोट फिरवलं. ठिपके बोटाला टोचले. नाव जागेवर होतं, तेव्हा तिला जरा बरं वाटलं. तरी त्यानंतर तिचं कशात मन लागेना. भाजी चिरताना ती मध्येच उठायची, अवनी कुठे आहे ते बघून यायची. पोरगी असायची, तिथेच असायची. फक्त हाक मारली की लगेच बघायची नाही. मुलं करतात असं, कुणाल म्हणाला. खेळात असतात.

मग मोबाईलवर त्या बाईंचा अभिप्राय आला, फोटोसकट. गुजरातीत लिहिलं होतं, पण निरुपमाला ते मराठीइतकंच सहज वाचता यायचं. 'जाहिरातीत होती तशीच आहे. एकदम कोरी.'

फोटोत कळशीचा गळा गुळगुळीत होता. एक ठिपका नव्हता.

काय सुचलं कोण जाणे, ती स्वयंपाकघरात धावली आणि अवनीच्या बारशाची चांदीची वाटी काढली. वाटीवर कोरलेलं अवनीचं नावही गेलं होतं. जिथे ते होतं तिथे शेवाळाची हिरवट बोटं उमटली होती.

बाल्कनीत पिवळ्या फ्रॉकमधली अवनी पाठमोरी बसून भातुकली मांडत होती.

"अवनी!"

पोरगी वळली नाही.

"अवनी… बाळा…"

भांड्यांचा आवाज चालूच होता. निरुपमाला तो शब्द तोंडातून काढायचा नव्हता. देवा, वळू देऊ नकोस, एवढंच ती मनात म्हणत होती.

"आनंदी…?"

"ओ!" पोरगी लगेच वळली आणि गोड हसली.

"अवनी कुठे आहे…?"

तिने निरुपमाच्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवलं.

निरुपमाने फोटो मोठा केला. कळशीच्या पोटात त्या बाईंचं स्वयंपाकघर होतं, खिडकी होती, मोबाईल धरलेला त्यांचा हात होता. आणि या सगळ्याच्या अलीकडे, पितळेला आतून चिकटलेला, एक पिवळा फ्रॉक होता.

फोटोखाली आणखी एक ओळ होती. ती तिने मघाशी वाचलीच नव्हती.

'काल काठोकाठ पाणी भरून ठेवलं. आधी बराच वेळ बुडबुडे येत होते. आता थांबले.'