मंगळवारच्या वेड्यावाकड्या रेघा

पहिल्या दिवशी ती झोपेत श्वास चालू ठेवणारं अख्खं मशीन कडेवर घेऊन आली होती. नळी गळ्यात, मास्क पिशवीत आणि वायर पायात. क्लिनिकच्या दारातच ती अडखळली आणि मशीन हातातून निसटलं... ज्याने ते वरच्या वर झेललं, तो तिथला टेक्निशियन निघाला. त्याने आधी मशीन सांभाळलं आणि मग तिच्याकडे पाहिलं, याचा तिला उगाचच राग आला.

"एवढं सगळं कशाला आणलंत?" त्याने मशीनच्या कुशीतून नखाएवढं कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. "हे एवढंच आणायचं असतं."

म्हणजे अर्ध्या शहरातून लोकांच्या नजरा झेलत आणलेलं ओझं फुकटच गेलं.

ती बसड्रायव्हर होती. झोपेत तिचा श्वास अडकायचा, त्यामुळे रात्रभर झोपूनही दिवसा पेंग यायची. एकदा सिग्नलला डोळा लागला आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून तिला जागं केलं. झालं! डेपोने बस काढून घेतली आणि तिला पासच्या खिडकीवर बसवलं. डेपोच्या डॉक्टरांची अट साधी होती. रोज मास्क लावून झोपायचं, दर मंगळवारी क्लिनिकमध्ये कार्ड दाखवायचं. महिन्याची सरासरी तासाला पाच अडथळ्यांच्या आत आली तर बस परत, नाहीतर कायमची खिडकी. आठ वर्षं बस चालवलेल्या हातांना शिक्के मारायचं काम म्हणजे शिक्षाच होती.

टेक्निशियनने तिला सगळं समजावून सांगितलं. मशीनच्या पोटात रोजची गोळाबेरीज राहते, कार्डावर मात्र एकेक श्वास उमटतो. किती वाजता मास्क लावला, हवा किती गळली, श्वास कधी अडकला, सगळं.

"आणि... आवाज?" तिने जपून विचारलं.

"आवाज नाही. त्यात माइकच नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. घोरणं तरी झाकलेलं राहणार होतं. तेवढ्यात त्याने तिच्या गालावरचा मास्कचा वळ पाहिला आणि पट्टा दोन बोटं सैल करून दिला. दोनच बोटं, पण त्या रात्री ताईचा फोन आला तेव्हा तीन वाक्यांनंतर गाडी त्या पट्ट्यावर येऊन थांबली.

ताईची पोरं झोपली की मगच तिचा फोन यायचा. तोवर ही मास्क लावून आडवी झालेली असायची. मास्क नाकापुरताच, बोलायला तोंड मोकळं. मग ताईची चौकशी सुरू व्हायची, कार्डवाला काय म्हणाला, हसला का, शर्ट कोणता होता. ही म्हणायची, काही नाही गं, तो रेघा बघतो नुसता. आणि त्या "काही नाही"ला पाऊण तास पुरायचा नाही.

तिला स्वतःचंच कळेनासं झालं होतं. भर गर्दीच्या चौकात बस अलगद वळवणारी बाई, त्याने खुर्ची पुढे केली की कुठे बसायचं ते विसरायची. त्यात त्याचंही काही खरं नव्हतं. दुसऱ्या मंगळवारी खळखळून हसणारा माणूस तिसऱ्या मंगळवारी मोजून चार वाक्यं बोलला. आपलं काय चुकलं, हे शोधण्यात तिचा आठवडा गेला.

चौथ्या मंगळवारी त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. सरासरी साडेपाचच्या जवळ होती. म्हणजे कायमची खिडकी.

"बाकीच्या रात्री चांगल्या आहेत," तो रेघांकडेच बघत म्हणाला. "फक्त मंगळवार बघा. अकराच्या सुमाराला तुम्ही मास्क लावून बोलता... पाऊण तास. अशा वेड्यावाकड्या रेघा बोलण्यामुळेच येतात. मशीनला वाटतं, श्वास अडकतोय. त्यांना सांगा, आधी बोलून घ्या आणि मग मास्क लावायला द्या."

"त्यांना म्हणजे कोणाला?"

"ज्यांच्याशी बोलता... त्यांना."

तिला क्षणभर काही उमजेना. मग तिसऱ्या मंगळवारच्या त्या चार वाक्यांचा उलगडा झाला, याला वाटत होतं तिचं कुणीतरी आहे, आणि हसावं की रडावं हेच कळेना.

"ताईशी बोलते मी."

"दर मंगळवारी? बाकीच्या दिवशी तर पाच मिनिटांत आटोपतं."

"बाकीच्या दिवशी सांगण्यासारखं काही नसतं."

"मग मंगळवारी काय असतं?" तो खरोखरच विचारत होता. हजारो श्वास वाचणाऱ्या या माणसाला एवढंही दिसू नये!

"मंगळवारी मी इथे येते," ती म्हणाली.

त्याचा हात माउसवर तसाच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती घाईघाईने म्हणाली, की त्या तीन मंगळवारच्या रात्री पुसून टाका ना, खोट्याच तर आहेत.

"पुसता येत नाहीत. इथून पुसल्या तरी मशीनच्या पोटात राहतातच." त्याने कार्ड काढून हातात घेतलं. "आणि यापुढे तुमचं कार्ड मी वाचणार नाही."

"माझं काही चुकलं का?"

"नाही. पुसता आल्या असत्या, तर मी आत्ता पुसल्या असत्या. तुमच्यासाठी खोटं लिहायला मी तयार झालो होतो... अशा माणसाने तुमच्या बसचा निर्णय करायचा नसतो. तुमच्या मागे पन्नास माणसं बसतात."

कार्ड शेजारच्या खोलीतल्या वरिष्ठ मॅडमकडे गेलं. मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, पंधरा नव्या रात्रींची मुदत दिली, आणि मास्क लावून गप्पा बंद, अशी तंबी दिली.

ते पंधरा दिवस तिने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. त्याला ती आवडते की त्याने तिला रीतसर दुसऱ्याच्या गळ्यात मारलं, याचा ताईलाही पत्ता लागेना. ताई सकाळी म्हणायची आवडते, संध्याकाळी म्हणायची सांगता येत नाही बाई. क्लिनिकमधून त्याचा साधा निरोपही आला नाही. सोळाव्या दिवशी मॅडमची सही आली. सरासरी तीन. बस परत मिळाली.

पहिल्याच फेरीला, क्लिनिकजवळच्या स्टॉपवर तो चढला. तिच्या मागच्याच सीटवर बसला. समोर पाटी होती, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. तो पाटी मानणारा माणूस! एकोणीस स्टॉप एक शब्द नाही. आरशात नजर भिडली की दोघंही रस्ता बघायची. तिचं बघणं निदान कामाचं तरी होतं, त्याचं तेवढंही नाही.

शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले. तो उतरला नाही. तिने इंजिन बंद केलं.

"पंधरा दिवस तुमची एकही रात्र पाहिली नाही," तो म्हणाला. "मॅडमना विचारलंही नाही. झोप लागते का तुम्हाला?"

"लागते. उशिरा लागते."

"का?"

ती सीटवरून पूर्ण मागे वळली.

"तुमच्यामुळे," ती म्हणाली. "आणि तुम्हाला?"

"मला तर चार मंगळवारांपासून लागत नाही," तो म्हणाला. "आणि माझ्याकडे तर मशीनसुद्धा नाही... कुणाला दाखवणार होतो?"