बिनकुलपाचा फोन

उषा त्या दिवशी धुळ्याच्या बाजारात निघाली ती आखाजीचं सामान घ्यायला. गूळ, रवा, वेलदोडे, आणि जमलं तर मोबाइलचं तेवढं बघून यायचं, एवढंच काम. भुताखेताचं म्हणाल तर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वैशाखातलं धुळ्याचं ऊन असं की भूत जरी रस्त्यावर निघालं असतं तरी त्यालाही डोक्याला उपरणं गुंडाळावं लागलं असतं. मला विचाराल तर अमावास्येच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी एकदा खान्देशातली भर दुपार बघावी. रस्ते ओस, दारं लोटलेली, कुत्रीसुद्धा गटारात पडलेली. अशा वेळी कुणी हाक मारली तर ओ देताना माणूस जरा थांबतो.

मोबाइल तिच्या धाकट्या भावाचा, नवलचा. नवल मस्कतच्याही पुढे, वाळवंटात पाइप टाकायच्या कामावर होता. गेल्या आषाढात तिकडच्या उन्हात तो कोसळला आणि कुणी पाणी घेऊन पोचायच्या आत गेला. खोलीतल्या पोरांनी रडत रडत फोनवर सांगितलं ते इतकंच. मग पेटी आली. पेटीबरोबर त्याची बॅग आली, आणि बॅगेत हा फोन.

पेटी उघडू नका, असं चुलत्यांनी, भाईदासनानांनी ठरवलं. चांगल्या मनानंच ठरवलं, आईनं लेकाचं ते रूप बघू नये म्हणून. पण झालं भलतंच. आईनं, धुरपदाबाईनं, तोंड पाहिलं नाही, म्हणून तिनं मरणही मानलं नाही.

"मन्हा नवल जित्ता शे," ती म्हणायची. "पेटीमा कोन व्हतं ते तुमले ठाऊक."

आणि रोज दुपारी ती गावाच्या फाट्यावर जाऊन उभी राहायची. शिरपूरकडून एसटी आली की उतरणाऱ्यांची तोंडं बघायची. गावातलं कुणी ना कुणी तिला हाताला धरून घरी आणून सोडायचं. उषाला सासरी धुळ्यात घास गोड लागत नव्हता तो यामुळे. भाऊ गेला होता. आता आईही त्याच उन्हापायी जाईल, ही तिची धास्ती होती.

बसस्टँडमागे जिन्याखाली हारुनभाईंचं दुकान. दुकान कसलं, एक फळी, एक दिवा आणि उघड्या पडलेल्या फोनांची रास. हारुनभाईंनी नवलचा फोन उलटासुलटा करून पाहिला.

"अक्का, याला तिकडच्या कंपनीचं लॉक आहे. तिथलंच कार्ड घेणार हा. आपल्याकडचं टाकलं की म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही."

"उघडेल का? भावाची वस्तू आहे. वापरात राहिली तर बरं."

त्यांनी फोन कॉम्प्युटरला जोडला. उषासाठी चहा सांगितला. चहा संपेस्तोवर काम झालं होतं. उषाचं कार्ड आत सरकवून त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"घ्या. आता हा कुणाचा बांधलेला नाही. जिथं जाल तिथलं टॉवर धरील." मग जरा थांबून म्हणाले, "पैसे राहू द्या. आमचा साकिब पण तिकडेच आहे."

उषाचे डोळे भरून आले. परक्या माणसानं असं बोलावं, अन् आपल्याला साधं 'उपकार झाले' म्हणायला सुचू नये, याचं तिला रिक्षात बसल्यावर वाईट वाटलं.

आखाजीला ती माहेरी आली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. झाडाझाडाला झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, आणि पुरुषांचे दिवसभर पत्ते. पण त्याच दिवशी घरातल्या गेलेल्यांना पाणीही द्यायचं असतं. कोरी घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, नाव घ्यायचं. वर्षभरात कुणी गेलं असेल तर त्याच्या नावाची घागर वेगळी. ती भरली नाही तर तो तिकडे तहानलेला फिरतो म्हणतात.

सकाळी नानांनी नवलच्या नावाची घागर आणून वहिनीसमोर ठेवली. धुरपदाबाईनं तिला हातही लावला नाही.

"जित्त्या पोऱ्याना नावनी घागर भरू? हात झडी जातीन मन्हा."

"वहिनी, वरीस व्हत आलं," नाना हळूच म्हणाले.

"तुमीच भरा मंग. तुमीच त्याले पेटीमा घातं."

नाना खालमानेनं पारावर पत्त्यांत जाऊन बसले. कोरी घागर कोपऱ्यात तशीच राहिली. उषा चुलीपाशी खापरावर पोळ्या टाकत बसली, आई बाहेर ओट्यावर बसली. झोक्यावरच्या पोरींची गाणी ऐकू येत होती. मग ऊन चढलं, पोरी घरोघर जेवायला गेल्या आणि गाणी थांबली. आळीत वाऱ्याखेरीज कशाचा आवाज उरला नाही. उषानं धुरातून डोकं वर काढून बघितलं तर ओटा रिकामा. आईच्या चपला मात्र तिथेच होत्या.

अनवाणी गेली होती ती. त्या उन्हात.

उषा फाट्याकडे पळाली. फाट्यावर कुणी नव्हतं. चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, आज धुरपदाकाकू आलीच नाही. मग गलका झाला. पत्ते टाकून पुरुष उठले. कुणी विहिरीकडे गेलं, कुणी कापसाच्या शेतांकडे. एवढ्या उन्हात म्हातारं माणूस कितीसा दम धरणार, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. आई घरी परतली असेल, या वेड्या आशेनं उषा पुन्हा घरात आली.

घर रिकामं होतं. विझत्या चुलीचा वास, करपलेल्या पोळीचा वास. आणि त्या दोन्हींच्या आतून तिसराच एक वास येत होता, नवलच्या बॅगेला होता तसा, तापलेल्या डांबराचा आणि डिझेलचा. उषा जागच्या जागी उभी राहिली. आणि फळीवरचा नवलचा फोन वाजायला लागला.

आता हे ध्यानात घ्या की त्या घरात रेंज येत नाही. कधीच आली नाही. बोलायचं तर शाळेच्या गच्चीवर चढावं लागतं. गावात हात वर करून पुढंमागं चालणारा माणूस दिसला की समजायचं, बिचारा रेंज शोधतोय. आणि इथं रेंजच्या काड्या पूर्ण भरलेल्या होत्या. कंपनीच्या नावाच्या जागी उजवीकडून डावीकडे लिहिलेली तिकडची अक्षरं होती.

तिनं फोन कानाला लावला. आधी नुसता वारा. मोकळ्या, झाड नसलेल्या रानातला लांब वारा. मग कुणीतरी कोरड्या घशानं श्वास घेतला.

"अक्का..."

उषानं फोन कानाशी घट्ट दाबला. हा आवाज तिनं कडेवर घेऊन मोठा केला होता.

"नवल...?"

"अक्का... माय आठे शे... मन्हाजोडे बशेल शे... पानी लई ये..."

"इथं म्हणजे कोठे रे? नवल... कोठे?"

"लवकर ये... नही ते मी तिले लई जासू..."

आईला घेऊन जाईन म्हणत होता तो. पुढे नुसता वारा, आणि मग तोही थांबला.

दुसरं कुणी असतं तर किंचाळून बाहेर पळालं असतं. उषालाही पळायचंच होतं, पण पाणी न्यायला हातात काहीतरी भांडं हवं होतं. कोपऱ्यात कोरी घागर होती. दुसरं काही तिच्या नजरेलाच पडलं नाही. तिनं ती रांजणातून भरली, कमरेवर घेतली, दुसऱ्या हातात फोन धरला आणि बाहेर पडली.

कुठे जायचं? विहिरीच्या वाटेला लागली तशा फोनवरच्या काड्या कमी झाल्या. ती थबकली. मागे फिरली, तर एक काडी वाढली. मग तिच्या ध्यानात आलं, की हे तर आपल्याला येतं. लहानपणापासून गावातली सगळी माणसं तिनं अशीच चालताना पाहिली होती. तिनं हात उंच धरला आणि काड्या वाढतील तिकडे चालायला लागली. डावीकडे गेलं की कमी. उजवीकडे, बांधावरून, बाभळीच्या रांगेपलीकडे गेलं की जास्त. ढेकळं पायाला पोळत होती, घागरीतलं पाणी लुगड्यावर सांडत होतं. फोनवरचं तिकडचं नाव मात्र हललं नाही.

कोरड्या नाल्यात उतरली आणि काड्या पूर्ण भरल्या.

धुरपदाबाई वाळूत आडवी पडली होती. आडवाटेनं फाट्याला जायला निघाली असणार. ओठ पांढरे, डोळे अर्धे उघडे. तिच्या अंगावर सावली होती. उषानं वर बघितलं. आजूबाजूला झाड नव्हतं, दरड नव्हती, डोक्यावर ढगाचा ठिपकाही नव्हता. सावली मात्र होती, माणसाएवढी, वाकलेली. तिच्यात पाय ठेवताच उषाच्या अंगावर शहारा आला, इतकं तिथं गार होतं.

"माय... पानी पी माय..."

घागरीचं तोंड तिनं आईच्या ओठांना लावलं. पहिलं पाणी बाहेर आलं. दुसरं आत गेलं. मग म्हातारीनं घागर दोन्ही हातांनी धरली आणि ती प्यायली, प्यायली. उषा तिथेच वाळूत बसून मोठ्यानं रडली.

तळाशी थोडं पाणी उरलं. उषाला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं नवलचं नाव घेतलं आणि ते वाळूवर ओतलं. वाळूनं ते क्षणात ओढून घेतलं. त्याच क्षणी शेजारी पडलेल्या फोनमधून आवाज यायला लागला. कुणीतरी पीत होतं. घटाघटा, श्वास न घेता, वर्षाची तहान असल्यासारखं. बराच वेळ. मग एक लांब निःश्वास आला.

"बस, अक्का... आते बरं शे..."

सावली आईच्या अंगावरून सरकली आणि लख्ख ऊन पडलं. फोनवरच्या काड्या गेल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावली आणि म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. रात्री म्हातारी बोलली.

"नवल मले भेटी गया. डोकावर हात धरीसन उभा व्हता. उषा, तो गया वं." आणि पेटी आल्यापासून पहिल्यांदा ती रडली. उषानं तिला रडू दिलं. तिच्यासाठी तो रडण्याचा आवाजच देवाचा प्रसाद होता. घरी गेल्यावर, सण उलटून गेला होता तरी, धुरपदाबाईनं स्वतःच्या हातानं नवलच्या नावाची दुसरी घागर भरली.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उषा, पाणी कशात नेलं व्हतं तू?"

"त्या कोऱ्या घागरीत."

नाना खाली बसले. "ती मरेलनी घागर, बेटा. तिचं पाणी जित्त्या माणसाले पाजत नहीत."

"दुसरं भांडं शोधायला वेळ नव्हता, नाना."

"नव्हता, खरं शे," ते म्हणाले. "माय वाची गई ना. सगळं पावलं." पण वहिनीकडे बघताना त्यांची नजर स्थिर राहिली नाही.

धुळ्याला परतल्यावर उषा सांजोऱ्यांचा डबा घेऊन हारुनभाईंकडे गेली. या खेपेला तिनं मनातलं सगळं बोलून टाकलं. तुम्ही लॉक उघडलं नसतं तर माझी आई आज नसती, जन्मभर तुमचं नाव घेईन. हारुनभाई ऐकत राहिले. तिकडचं टॉवर इथं लागूच शकत नाही, असं काहीतरी ते बोलायला गेले आणि थांबले. स्वतःचा फोन उचलून त्यांनी साकिबला लावला.

"कुछ नहीं बेटा... पानी पीता है ना बराबर?"

उषानं आपलं कार्ड दुसऱ्या फोनात टाकलं आणि नवलचा फोन आईला देऊन टाकला. आठवण म्हणून, नुसता. आता धुरपदाबाई फाट्यावर जात नाही. खाते, झोपते, शेजारणींशी हसून बोलते. आईला अशी बघितली की उषाचा ऊर भरून येतो, आणि जो कोणी हे करतो आहे त्याला ती मनोमन हात जोडते.

फक्त आखाजीपासून म्हातारी पाणी पीत नाही. एक घोटही नाही. तांब्या भरून ठेवला तर सकाळी भरलेलाच सापडतो. "तहानच लागत नही वं," म्हणते. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. भर दुपारी ती तो कार्ड नसलेला फोन तेवढा मागते. कानाला लावते, बोलत काही नाही, डोळे मिटून घोट घेतल्यासारखा नुसता गळा हलवत बसते. मग फोन खाली ठेवते आणि पदरानं तोंड पुसते.

उषानं एकदा तो पदर हातात घेऊन बघितला. चिंब ओला होता.