पट्ट्यावरचा उतारू

कंदिलाची वात जरा मोठी करा, म्हणजे सांगतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला लहानपणापासून तिटकारा. निम्मे भित्रे, निम्मे थापाडे.

साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. बेंगळूरला राजाजीनगरच्या एका कारखान्यात आम्ही खाणींसाठी कोळसा वाहून नेणारे रबरी पट्टे बनवायचो. पट्ट्यांचे जोड माझ्या देखरेखीखाली बसत. गोदावरीकडच्या एका खाणीत आमचा पट्टा सारखा फाटत होता, दर खेपेला जोडापाशीच. नाचता येईना अंगण वाकडं, असली ती खाणवाली जमात. शेवटी त्यांनी पट्टाच परत पाठवला.

आमचे मॅनेजर जयसिंगराव. खिळा आणि बोल्ट यांतला फरक त्यांना निवृत्त होईपर्यंत कळला नाही. ते म्हणाले, "कृष्णाजी, इथं चालवून बघा. इथंही फाटला तर दोष तुमच्या जोडाचा. मग नोकरी सोडा आणि क्वार्टर रिकामं करा."

माझ्या बायकोला, मालनला, तेव्हा सातवा महिना होता. तिला घेऊन कुठं जाणार होतो?

दुपारी मागच्या शेडमध्ये पट्टा चढवला. मदतीला कल्लाप्पा, बेळगावकडचा फिटर. देह पैलवानाचा आणि काळीज सशाचं. पट्टा धुऊन घेतला होता, त्यावर कोळशाचा कणसुद्धा नव्हता. मोटर सुरू केली. रोलर एका सुरात घरघरू लागले.

थोड्या वेळानं तो सूर बिघडला. एका जागी पट्टा खाली दबला होता. माणूस उताणा निजला तर दबेल तेवढाच. तो दाब पट्ट्याबरोबर सरकत, पट्टा जिथं वळतो त्या टोकाच्या ड्रमपाशी आला, हिसका बसला आणि जोडाचे दोन धागे तटकन तुटले. पट्टा फिरून आला. दाबही आला. शेडमध्ये ओल्या कोळशाचा वास पसरला.

"साहेब... बंद करा की हो," कल्लाप्पा कुजबुजला. "कोण तरी निजलंय त्यावर..."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस! गप उभा राहा."

पण धागे तुटत होते, आणि मला एक आठवलं. खाणीवर गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं. पाळी सुटली की दमलेले मजूर वर येण्यासाठी पट्ट्यावरच आडवे होत. पट्टा चालवणारा ड्रमच्या अलीकडे वेग कमी करी आणि ते उतरून जात. पुढचं कानावर आलं होतं. कोणी उंटावरचा शहाणा साहेब आला. मजुरांसाठी पट्टा हळू करायचा नाही, असा त्यानं हुकूम काढला. एक जण ड्रममध्ये ओढला गेला. पट्टे फाटायला लागले ते त्यानंतर.

मला हसूच आलं. मेल्यावरही फुकट फिरतोय लेकाचा! दाब ड्रमजवळ आला तसा मी दांडा ओढून पट्टा हळू केला आणि बस कंडक्टरसारखा ओरडलो, "उतरा राजे, बेंगळूर आलं! चला आमच्या घरी, चहा पाजतो!"

पट्टा सपाट झाला.

कल्लाप्पा पळाला तो थेट गेटापर्यंत. पट्टा मात्र संध्याकाळपर्यंत सुरळीत चालला, पुढे एकही धागा तुटला नाही. जयसिंगरावांनी मान डोलावली. क्वार्टर वाचलं.

सायकलवर टांग मारली तर सायकल जड लागत होती. चाकांत हवा होती. कॅरियर रिकामं होतं. डोक्यात नसतं भूत भरवणाऱ्या कल्लाप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी पायडल मारत राहिलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी म्हशी आडव्या आल्या. ब्रेक दाबला, वेग मंदावला... आणि सायकल एकदम हलकी झाली.

म्हशी हलेपर्यंत मी तिथंच अडकून पडलो. घरी पोचलो तेव्हा मालन फडक्यानं दारातला ओटा पुसत होती. ओट्यावर काळी ओल होती.

"अहो, पाहुण्यांना पाय धुवून यायला सांगायचं की. किती काळं केलंय बघा."

"कोण पाहुणे?"

"तुम्हीच चहाला बोलावलंत म्हणाले... फार दमलेत बिचारे. चहा होईतो आत पडा म्हटलं."

मी आतल्या खोलीत गेलो. तिथं कोणी नव्हतं. माणूस उताणा निजला तर दबेल तेवढी गादी मात्र दबलेली होती, मालनच्या उशीला लागून.