रातपाळीवाल्याची झोप

ज्यांना या थापा वाटतात, त्यांनी इथूनच परत फिरावं. प्रमिलाबाई माझी सख्खी मावशी. तिच्या तोंडून जसं ऐकलं तसंच सांगतोय, पदरचा मीठमसाला नाही.

साल १९९६. फेब्रुवारीतला गुरुवार. सुरत, गोडादरा.

आणि रात्रबित्र नव्हती हं. चांगली टळटळीत दुपार होती.

मावशी मराठी शाळेत दहावीला शिकवायची. त्या सकाळी वर्गात एक जुनी भुताची कथा चालली होती. कोळ्याची बायको घरी एकटी. नवरा समुद्रावर गेलेला. माडीवर त्याची पावलं वाजतात, आणि ती म्हणते, आला बाई एकदाचा! निवांत चूल पेटवते.

तो तर केव्हाच बुडालेला असतो.

"कथानक कसं बांधलंय बघा," मावशी फळ्यावर लिहीत म्हणाली. "लेखकाने आधीच खुणा पेरल्यात. दारात ओली पावलं नाहीत. खुंटीवर जाळं नाही. कुत्रा शेपूट हलवत नाही. याला म्हणतात पूर्वसूचना. परीक्षेत हमखास येणार."

शकू नावाची मुलगी उभी राहिली.

"बाई, आपल्याला कळतं, मग तिला कसं कळत नाही?"

"कारण ती मूर्ख आहे!" मावशी म्हणाली. अख्खा वर्ग खो खो हसला.

बारा वाजता मावशी घरी आली.

तिचा नवरा, राघोकाका, कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात रातपाळीला. सकाळी आठला यायचा आणि तोंडावर गोधडी ओढून खाटेवर पडायचा. तोवर मावशी शाळेत गेलेली असायची. आमच्या वस्तीत एक कायदा सगळे पाळतात. रातपाळीवाल्याला उठवायचं नाही. जीव गेला तरी नाही. दुपारी झोपमोड झाली की रात्री मशीनवर डुलकी लागते, आणि तिथे डुलकी म्हणजे हात गेलाच म्हणून समजा.

मावशीने आवाज न करता दार लोटलं.

दारात काकाच्या चपला नव्हत्या...

'खाटेखाली सरकवल्या असतील,' ती मनाशी म्हणाली.

झाकून ठेवलेली भाकरी तशीच होती...

'थकला बिचारा.'

रोज घरात मशीनच्या तेलाचा वास भरलेला असायचा. त्या दिवशी नव्हता...

पण खाटेवर गोधडी होती. गोधडीखाली माणूस होता. वर-खाली होणारी छाती दिसत होती. आणि घोरणं... नेहमीचंच, मध्येच अडकणारं. पंधरा वर्षं ऐकलेलं.

मावशी हळूच भाजी चिरायला बसली.

साडेबाराला कडी वाजली. दारात एक घामाघूम माणूस. छगन, कारखान्यात नवाच लागलेला, सकाळपासून घर शोधत फिरलेला.

"वहिनी, राघोभाऊनं घर हाईच शे ना? त्यासले लागेल शे. सकाळीच मशीनना पट्टा तुटी गया. दवाखान्यात नेलंय, लवकर चला!"

मावशीने चपलेत पाय सरकवला. पण मागून घोरणं ऐकू आलं. तिने ओठावर बोट ठेवलं आणि दार जरा उघडून खाट दाखवली.

"हळू बोल रे बाबा. ते काय, झोपलेत. ऐक."

छगनने ऐकलं. त्यानेही घोरणं ऐकलं, हे नीट लक्षात ठेवा.

"तुमच्याकडे दोन राघो आहेत ना?" मावशी कुजबुजली. "डिंडोलीचा असेल तो. धाव, त्याच्या बायकोला गाठ."

छगन डिंडोलीकडे पळाला.

एकदा, फक्त एकदा तिने गोधडी उचलायची होती! हात पुढे गेलाही होता म्हणते. पण झोपमोड नको म्हणून तिने तो मागे घेतला.

दुपार सरली. मावशीने त्याच खोलीत वह्या तपासल्या. शकूने खुणा अगदी नीट लिहिल्या होत्या. मावशीने तिला दहापैकी नऊ दिले.

साडेचारला छगन परत आला. त्याला पत्ता शोधण्यातच दुपार गेली होती. तोंड पांढरंफटक.

"वहिनी... तो राघो घरीच जेवत बसलाय. धडधाकट."

आणि आत घोरणं थांबलं...

मावशीने जाऊन गोधडी ओढली.

खाट रिकामी होती.

तिने हात ठेवला. खाट गरम होती. उशीला डोक्याचा खळगा होता.

ती कशी धावली, कोणत्या रिक्षात बसली, तिला आठवत नाही. दवाखान्यात पोचली तेव्हा काकाला जाऊन अर्धा तास झाला होता. नर्स म्हणाली, तो शेवटपर्यंत शुद्धीत होता. पुन्हा पुन्हा एकच विचारत होता.

"प्रमिला आली का?"

मावशी आजही मला एवढंच विचारते, "तो राघोच असेल, तर त्याने मला का अडवलं रे? आणि तो नसेल, तर दुपारभर मी कुणाची झोप राखली?"

 

ती कथा तिने पुढेही दरवर्षी शिकवली. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, बाई, तिला कसं कळत नाही? मावशी खडू खाली ठेवायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची.

आता ती थकलीय. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेलो होतो. दुपारी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

आतून तिचा आवाज आला. अगदी मऊ आवाज.

"उठा हो... उठा. प्रमिला आलीय."

मी दारातून डोकावलो. ती खाटेपाशी उभी होती, हातात ओढलेली गोधडी. खाट रिकामी.

पण आईशप्पथ सांगतो, मी माझ्या कानांनी ऐकलं...

घोरणं काही थांबलं नाही.