आधी तिच्या फळ्या

भर चौकातल्या त्या दगडी इमारतीने शंभरी कधीच ओलांडली होती, आणि तिच्या खोडीही वयाला शोभणाऱ्याच होत्या. तळमजल्यावर कोपऱ्यात पूर्वी एक मोठं कापडदुकान होतं. पुढे मधे भिंत घालून त्याची दोन दुकानं झाली, पण दर्शनी फळ्या एकत्रच राहिल्या. फळ्या बारा, आणि त्या चौकटीत घालायला-काढायला खाच एकच – चष्म्याच्या दुकानाच्या टोकाला. त्यामुळे संध्याकाळी आधी शेजारच्या बटणांच्या दुकानाच्या सहा फळ्या लावायच्या, मग चष्म्याच्या. सकाळी उलटं.

नव्या चष्मेवाल्याला हे कोण सांगणार? आधीच्या चष्मेवाल्या मामांच्या जागी तो आला, त्या पहिल्याच संध्याकाळी त्याने आपल्या सहा फळ्या लावल्या, कुलूप घातलं आणि छत्री उघडून चालू लागला. बटणवाली उघड्या दुकानात अडकून बसली. शेवटी वरच्या मजल्यावरचे वकीलकाका स्कूटर काढून गेले आणि त्याला बसस्टँडवरून धरून घेऊन आले.

“फळ्यांची मोजणी माझ्यापासून सुरू होते,” ती म्हणाली.

“लक्षात ठेवीन,” तो म्हणाला... तिच्या चपलांकडे बघत. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस, पण हिच्यासमोर त्याची मान काही वर होईना.

मग ते रोजचंच झालं. तिचं शेवटचं गिऱ्हाईक कोटाला शोभेल असं बटण शोधत बसे, तोवर हा पुसलेल्याच काचा पुन्हा पुसत थांबे. मग दोघं मिळून फळ्या सरकवत. दहा मिनिटांचं काम हळूहळू अर्ध्या तासावर गेलं. ती अख्खा दिवस त्या अर्ध्या तासाच्या आशेवर काढू लागली.

अशात इमारतीची डागडुजी निघाली. सुतारकाका म्हणाले, फळ्या जुन्याच ठेवू, फक्त बटणांच्या टोकालाही एक खाच पाडून देतो, म्हणजे कुणाचं कुणावाचून अडायचं नाही. चष्मेवाल्याने लगेच होकार देऊन टाकला.

त्या संध्याकाळी तिने फळी जरा जोरातच ढकलली.

“कंटाळलात ना माझी वाट बघून?”

“नाही हो.”

“मग एवढी घाई कसली?”

त्याने फळीवरून हात फिरवला. “सकाळी तुम्ही माझी वाट बघता. ती फळ्यांमुळे, की... माझ्यामुळे? हे मला कसं कळणार? खाच झाली, की कळेल.”

ती पिशवी उचलून घरी गेली.

आठवड्याभरात खाच तयार झाली. दुसऱ्या दिवशी नेमकी त्याची बस उशिरा आली. तो धापा टाकत चौकात पोहोचला, तर बाराच्या बारा फळ्या बंद, आणि बटणवाली पायरीवर बसलेली. शेजारी बटणं घ्यायला आलेल्या शिंपीणकाकू पिशवी घेऊन ताटकळत उभ्या होत्या.

“खाच नीट झाली नाही का?” त्याने घाबरून विचारलं.

“झाली की. फळी अगदी अलगद सरकते. मी बघितलं सरकवून.”

“मग बसून का राहिलात?”

“तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “कळलं आता?”

“कळलं.” किल्ली हातात तशीच धरून तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला. “दहा मिनिटांनी उघडू या?”

शिंपीणकाकूंनी दोघांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि तासाभराने येते म्हणाल्या.